रिकाम्या सॉकेटची शीळ

गेलेल्या माणसांचा आवाज ऐकवणाऱ्या नादगुरूंच्या हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, लोक पार जिन्यापर्यंत उभे होते. टेबलावर बटणांची आणि तारांची एक काळी पेटी. नादगुरू तिच्यावर बोट ठेवून सांगत होते, "आवाज आत घालायची जागा, हे सॉकेट. बघा, रिकामी. एकही तार नाही. मग बोलतं कोण?" वीज बोलते, दुसरं कोण? पण मनातल्या मनात म्हणायला माझं काय जातं.

माझी थोरली ताई पुढे गेली. तिने दोन तांब्याच्या पट्ट्यांवर तळहात ठेवला आणि पेटीतून बारीक शीळ आली. भाऊजींना जाऊन वर्ष झालं होतं. कामावरून परतताना ते जिन्यात अशीच शीळ घालायचे. नादगुरूंनी हळूच विचारलं, "जाताना फार त्रास झाला का त्यांना?" शीळ चढत गेली. अर्धा हॉल डोळे पुसायला लागला.

रडण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण सुईने आत्म्याचा धागा तुटतो असं सांगून या गृहस्थाने ताईचं इन्सुलिन बंद करवलं होतं. आठ दिवसांत तिचे गाल बसले, एक जिना चढायला ती दोनदा टेकायला लागली. मी समजावलं, चिडलो, शेवटी पाया पडलो. ती ढिम्म हलली नाही.

म्हणून मी पेटीजवळ गेलो. मागची बाजू उघडीच होती. आत पाहिलं. मी वाद्यं दुरुस्त करतो. लावलेला स्क्रू हलू नये म्हणून आम्ही त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देतो, आणि मी ताईचीच गुलाबी बाटली वापरतो. तोच ठिपका फिल्टरच्या स्क्रूवर होता. चार महिन्यांपूर्वी ही पेटी कुणीतरी माझ्या दुकानात आणून टाकली होती. शीळ नीट लागत नाही, अशी तक्रार होती. ती मीच लावून दिली होती.

मग मी नादगुरूंना बाजूला सारून सगळ्यांना दाखवलं. फिल्टरचं काम आवाज गाळायचं. रेझोनन्सचं बटण वाढवलं की तो स्वतःचाच आवाज पुन्हा स्वतःला पाजतो. फारच वाढवलं की आत काही न घालताही शीळ घालतो, माईक स्पीकरसमोर धरल्यावर कोकलतो तसा. जीव कासावीस झाला की तळहाताला घाम येतो, पट्ट्यांमधून वीज जास्त वाहते, शीळ चढते. बटण डावीकडे नेलं, पेटी गप्प. उजवीकडे नेलं, शीळ. ताईच्या जागी माझा हात ठेवला, तरी तीच शीळ.

नादगुरू मागच्या दाराने सटकले. लोक एकमेकांची नजर चुकवत घरी गेले. ताई तिथेच बसून राहिली.

"कळलं मला," ती म्हणाली. "पण ह्यांची शीळ ऐकायला आता मी जाऊ कुठे? तू करून दे तशी पेटी. मग घेते सुई."

दिली करून. दुसरं काय करणार होतो?

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की आधी बटण कुठे आहे ते शोधा. आणि औषध बंद करा म्हणणारा कुणीही असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचं ऐकू नका. एवढी अक्कल वापरायला कुठलीही पेटी उघडावी लागत नाही.

ताई आता रोज सकाळी इन्सुलिन घेते आणि पट्ट्यांवर हात ठेवते. मी रोज तिला बटण दाखवतो.

"माहीत आहे रे," ती म्हणते. "जरा उजवीकडे कर."