टिटवीच्या आईचे मेसेज

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस विद्यापीठात आला की त्याला सरळ गच्चीवरच्या मशिनरूमकडे पाठवतात. त्या दिवशी मात्र त्याला एका ऑफिसात खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजारी लेक बसली होती. तिला घरात टिटवी म्हणत. नाव आईनं ठेवलेलं, कारण पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. आई गेली आणि ते लागलं.

समोरच्या बाई तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करत होत्या. मुलं आपल्या सोशल मीडियाचा डेटा स्वखुशीनं द्यायची. नको ते आधी स्वतः पुसायची. टिटवी सज्ञान नव्हती, म्हणून बापाची सही हवी होती. पण मजकूर आईबापांना दाखवायचा नाही, असा नियम होता.

"म्हणजे घर माझं आणि किल्ली तुमच्याकडे," तो म्हणाला.

"किल्ली तिच्याकडेच. आम्ही नाव-गाव काढून वाचतो."

"त्यात काही भलतं निघालं तर?"

"जिवाला धोका वाटला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करू. हे तिलाही सांगितलंय. बाकी काही कळवणार नाही."

मग बाईंनी अडचण सांगितली. मुलं ज्याच्याशी बोलत त्या माणसाचे मेसेज त्या गाळत, कारण त्याची परवानगी नसते. टिटवीला मात्र एका व्यक्तीचे ठेवायचे होते.

"आईचे," टिटवी म्हणाली. "ते काढले तर मी वेड्यासारखी एकटीच बडबडतेय असं दिसतं."

आईला आता विचारता येत नव्हतं. म्हणून संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीनं तिच्या नवऱ्याला विचारायचं ठरवलं होतं.

"मग मला दाखवा तरी. कशाला हो म्हणतोय ते कळू दे."

बाईंनी टिटवीकडे पाहिलं.

"नको, बाबा."

उद्या सांगतो म्हणून तो उठला. त्याला संशोधनाशी काही देणंघेणं नव्हतं. पोरगी आपल्याशी का बोलत नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्या मेसेजमध्ये असणार असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी अक्का आली, त्याची थोरली बहीण. टिटवी क्लासला गेली होती. सगळं ऐकून अक्का म्हणाली, "बायको तुझी, पोरगी तुझी, आणि तूच दाराबाहेर? अरे शहाण्या, बायकोचा फोन कपाटात आहे ना? उघड आणि वाच. कुणाच्या बापाची भीती?"

"मीच बाप आहे, अक्का."

"मग वाच की."

फोन होता. दर रविवारी तो चार्जिंगला लावून थोडा वेळ चालू ठेवायचा. नुसती पडून राहिली की बॅटरी मरते. उघडला मात्र कधीच नव्हता. पासवर्ड त्याला पाठ होता, टिटवीची जन्मतारीख.

अक्का गेल्यावर त्यानं फोन चालू केला. पडद्यावर टिटवीचं नाव आलं. नवीन मेसेज होते. मजकूर दिसत नव्हता. वेळ होती दुपारची, विद्यापीठातून परतल्यानंतरची.

पोरगी अजून लिहीत होती.

त्यानं पहिले आकडे दाबले आणि थांबला. आपण उघडलं तर तिच्या फोनवर मेसेजपुढच्या खुणा निळ्या होतील. आईनं वाचलं, असं दिसेल तिला. कुणी वाचलं ते कळायला तिला वेळ लागणार नाही, पण त्याआधी एक क्षण तरी तिला काय वाटेल?

त्यानं फोन बंद केला, कपाटात ठेवला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. आईच्या मेसेजसाठीही केली. बाईंनी विचारलं, "मनात काही शंका?"

"आहेत. तुम्हाला विचारण्यासारख्या नाहीत."

खाली जाताना लिफ्टमध्ये दोघंच होते. लिफ्ट जरा घासत होती. सवयीनं तो कान देऊन ऐकत होता.

"बाबा, आईचा फोन तूच चार्ज करतोस ना?"

"बॅटरी मरते नाहीतर."

"माझे मेसेज रविवारीच पोचतात. काल मधेच पोचले." ती दाराकडे बघत होती. "मग मी बघत बसले, निळे होतात का."

"झाले?"

"नाही."

दार उघडलं. ती बाहेर पडली नाही.

"त्यातला एक सांगू?" ती म्हणाली. "एकच हं."