कापलेले कोपरे

चावी कापली की तिच्या कडेला धातूची बारीक, बोटाला टोचणारी कूस राहते. कानस मारून ती काढली नाही तर चावी कुलपात अडकते आणि गिऱ्हाईक येऊन आपल्या डोक्यावर बसतं. शाळा सोडून मी मामाच्या दुकानात आले तेव्हा त्याने मला पहिलं शिकवलं ते हे. दुसरं शिकवलं ते युद्ध.

खरं नाही, पुठ्ठ्याचं. टेबलभर नकाशा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या. एखादी पायदळाची, एखादी तोफेची. रविवारी दुपारी मामा शटर अर्धं ओढायचा आणि दोघं जण वाकून आत यायचे. एक सर, गणिताचे क्लास घेणारे. घरात बायकोला चहात साखर किती हे सांगायची हिंमत नाही, पण इथे आले की घोडदळाला हुकूम सोडायचे. दुसरे कंपाउंडरकाका, दातांच्या दवाखान्यातले. आणि चौथा भिडू मी.

चौथ्या भिडूला उरलंसुरलं मिळतं. दोन वर्षं मी रसदीच्या गाड्या हाकल्या. मोठ्यांनी लढायचं आणि मी त्यांच्यामागून पिठाची पोती न्यायची.

गेम तिघं वर्गणी काढून घ्यायचे. माझा हिस्सा वेगळा होता. सोंगट्या पुठ्ठ्याच्या शीटमधून सुट्या केल्या की प्रत्येकीच्या चारही कोपऱ्यांवर कागदाचे बारीक धागे, म्हणजे फुसके, राहतात. एकीवर एक नीट बसत नाहीत, उचलायला गेलं की शेजारचीला घेऊन येतात. मला ते बघवेना. कोणी न सांगता नेलकटर घेऊन बसले आणि अख्ख्या फौजेचे कोपरे कापले. सरांनी एक सोंगटी उजेडात धरली आणि म्हणाले, "वा! हिच्यापुढे कारखाना झक मारेल." तेव्हापासून नियमच झाला. नवा गेम आला की कोपरे ठिणगी कापणार. ठिणगी म्हणजे मी. मामा म्हणतो मशीनवरच्या ठिणग्यांमुळे नाव पडलं, आई म्हणते तोंडामुळे.

मग 'दोन पुलांचा वेढा' येणार अशी बातमी आली. नदी, दोन पूल, मध्ये किल्ला. एकाने वेढा घालायचा, एकाने आठ डाव किल्ला टिकवायचा. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा आला की किल्ला ठिणगीचा. शब्द आहे माझा."

नियमांचं पुस्तक कंपनीने आधीच नेटवर टाकलं होतं. मी ते फुटक्या काचेच्या फोनवर इतकं वाचलं, की एवढं शाळेत वाचलं असतं तर आईने पेढ... जाऊ दे. तोफा उत्तरेच्या पुलावर ठेवायच्या आणि दक्षिणेचा पूल उघडा सोडून शत्रूला आत ओढायचं, हे माझं केव्हाच ठरलं होतं.

पण गेम येईना, आणि किंमत वाढायला लागली.

"कागद महागला म्हणतात," कंपाउंडरकाका म्हणाले.

"थांबा," सर म्हणाले. "आत्ता घेणारा मूर्ख. दर उतरतील."

"उतरायला तो काय ताप आहे?" मामा म्हणाला.

सरांनी वहीत वर जाणारी रेघ काढली, मग ती खाली वाकवली. "हे बघा. असं होतं नेहमी."

पुढच्या वेळी जहाजाचं भाडं वाढलं, मग कर वाढला. सरांची रेघ वहीतच वाकलेली राहिली. कंपाउंडरकाका म्हणाले, "आमच्याकडे दर ऐकून माणूस दुखरी दाढ घेऊन घरी परत जातो. तसंच करायचं का आपण?"

"मला नाही जायचं परत," मी म्हटलं.

"तुझं काय जातंय, तू तर फुकटात!" सर हसले. मीही हसले. तेव्हा मला ते चेष्टेतलं वाटलं.

शेवटी तिसऱ्यांदा भाव वाढल्यावर घेतला. तिघांनीही तोंडं वाकडी करून.

खोका आला त्या रविवारी मी नेलकटर तेल घालून तयार ठेवलं होतं. खोका जड होता. झाकणावर धुरातला किल्ला आणि वर घट्ट पारदर्शक प्लास्टिक. मी नख लावणार एवढ्यात सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. कंपनीकडचे सगळे खोके संपले. पुन्हा छापणार नाहीत. न फोडलेल्याला आत्ताच दुप्पट भाव आहे."

"मग?"

"मग काही नाही. जरा थांबू."

खोका चाव्यांच्या फळीवर चढला, देव्हाऱ्यातल्या देवासारखा. त्यानंतर रविवारी तिघं यायचे, वर बघायचे, फोनवर भाव बघायचे, चहा प्यायचे. मामाला मी दुकान आवरताना विचारायचे, "माझा किल्ला?" तो म्हणायचा, "कुठे पळतोय?"

जुने गेमसुद्धा काढेनात. सर म्हणायचे, हाताळले की झिजतात. सैन्यं डब्यात आणि सेनापती बाकावर चहा ढोसतायत. लाज कशी वाटत नाही माणसांना?

मग एका रविवारी सरांना सुचलं की जुनेही विकता येतील. फोनवर वाचता वाचता ते थांबले. "सोंगट्या मूळ अवस्थेत हव्या," ते म्हणाले. "कोपरे न कापलेल्या."

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"कापलेल्यांना कोणी विचारत नाही," सर म्हणाले. "चारही गेम. चारही! कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच. वा म्हणालात."

"मी काहीही म्हणालो असेन."

"जाऊ द्या हो," कंपाउंडरकाका म्हणाले. "पोर आहे. हौस असते."

"हौस नाही, हिस्सा होता माझा!" मी ओरडले. "बोटाला घट्टे पडलेत. मामा, सांग ना."

मामा पक्कडीत नसलेली चावी पक्कडीत शोधत होता.

सर एकदम क्लासमधल्या आवाजात म्हणाले, "बाळ, नेलकटर चालवण्याला हिस्सा म्हणत नाहीत. हिस्सा पैशांचा असतो."

बाळ म्हणाले मला. चहा द्यायला ठिणगी आणि हिशोबाच्या वेळी बाळ.

मी स्टुलावर चढले, खोका खाली घेतला आणि कानशीचं टोक प्लास्टिकमध्ये घातलं. टर्रकन फाटलं. सर "अगं, अगं" करत उठेपर्यंत झाकण उघडलं होतं. नव्या पुठ्ठ्याचा वास आला. शीट वाकवली, किल्लेदाराची सोंगटी बाहेर काढली आणि सगळ्यांच्या तोंडासमोर तिचे चारही कोपरे कापले. कट, कट, कट, कट.

"झाला हा पण कचरा," मी म्हटलं. "आता मांडा."

कोणी मांडलं नाही. सर पांढरे पडले होते. माझ्याकडे न बघता मामाला म्हणाले, "आमच्या दोघांचे पैसे द्यायचे. आजच्या भावाने."

"घेतलेल्या भावाने घेऊ की," कंपाउंडरकाका पुटपुटले.

"आजच्या."

दोघं वाकून बाहेर पडले. घाईत सरांचं डोकं शटरला आपटलं. एरवी मी आठवडाभर हसले असते.

मामा बराच वेळ फाटकं प्लास्टिक हाताने सपाट करत बसला, जणू ते परत चिकटणार होतं. "तुझ्या पगारातून जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"घरी आईला तूच सांग."

"सांगेन. तू शब्द दिला होतास."

त्याने नकाशा उलगडला आणि म्हणाला, "मांड."

मी किल्ला मांडला. माझ्या फौजेचे सगळे कोपरे कापून, तोफा उत्तरेच्या पुलावर, दक्षिणेचा पूल उघडा. सगळं ठरवल्याप्रमाणे. मामाने आपल्या सोंगट्या फुसक्यांसकट नदीपलीकडे ठेवल्या.

पहिला डाव गेला. दुसरा गेला. त्याचं सैन्य नदीकाठी बसून होतं.

"ये ना पुलावर."

"बघतो."

त्याने फासा टाकला. सहा पडले. सहाला अख्खा पूल घेता येतो. तो फाशाकडे बघतसुद्धा नव्हता. मांडीवर बोटं मोडत काहीतरी मोजत होता, आणि मधूनच फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

"मामा, सहा!"

"हं. राहू दे."

आठ डाव तसेच गेले. माझ्या तोफा एकदाही उडाल्या नाहीत. दक्षिणेचा पूल मी उघडा ठेवला होता तो शेवटपर्यंत उघडाच राहिला.

"जिंकलीस," मामा म्हणाला आणि सोंगट्या गोळा करायला लागला.

"परत मांड. या वेळी नीट खेळ."

"आता नको," शटर वर ढकलत तो म्हणाला. "गिऱ्हाईक येईल."

रविवारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा येत नाही.