गिधाडांचं ताट

चिमाजीला खोटं बोलता येत नाही, असं बोरकड्याच्या पाड्यावर सगळे धरून चालायचे. माणूस होताच तसा फटकळ. लग्नात जेवून उठला की भाजी खारट होती हे यजमानाच्या तोंडावर सांगणार, आणि वर आचारी कुठला तेही विचारणार. त्याच्या या तोंडापायी जुळत आलेली एक सोयरीकसुद्धा मोडली होती. पण गावाला असा एखादा माणूस लागतोच. म्हणून तर पाड्याने जंगल राखायची समिती केली तेव्हा अध्यक्ष कोण, यावर कुणी तोंडच उघडलं नाही. चिमाजी सोडून दुसरं कोण असणार?

पाड्याच्या डोक्यावर बोरकडा उभा आहे. पेठच्या बाजूला असे डोंगर पैशाला पासरी, त्यातलाच हा एक छोटा. उतारावर साग, ऐन, हिरडा, मध्ये करवंदीच्या जाळ्या, आणि वर काळा कातळ. त्या कातळाच्या कपारींत गिधाडांची घरटी. चिमाजीच्या लहानपणी मेलेलं ढोर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरायची, इतकी गिधाडं होती. मग कुणाच्या लक्षात यायच्या आत आभाळ रिकामं झालं. ढोरांना दुखण्यावर एक इंजेक्शन देत, ते ढोर मेल्यावरही मांसात राहायचं. गिधाडाने ते खाल्लं की त्याची मान गळायची, आणि चार-पाच दिवसांत ते फांदीवरून नाहीतर कपारीतून खाली पडायचं. त्या औषधावर सरकारने बंदी घातली, पण बंदी घातली म्हणून बाजारातून वस्तू जाते असं थोडंच आहे?

उरलीसुरली गिधाडं जगावीत म्हणून वनखात्याने कड्यासमोरच्या माळाला जाळी मारून दिली. कुणाचं ढोर मेलं की ते तिथे न्यायचं. लोक त्या जागेला गिधाडांचं ताट म्हणायला लागले. आणि त्या ताटावर चिमाजीने आपला कायदा बसवला. मालकाने मेलेल्या जनावराच्या शिंगावर हात ठेवायचा आणि चारचौघांत म्हणायचं, “बिनऔषधाचं गेलं.” औषध दिलेलं असेल तर खड्डा खणून पुरायचं. खोटं बोलून कुणी असलं ढोर ताटात टाकलं, तर त्या घराचा डोंगरावरच्या गवताचा वाटा वर्षभर बंद. ज्याची जनावरं त्या गवतावर जगतात, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कायदा कडक होता आणि चिमाजी त्याहून कडक. पाड्यावरच्या निवृत्तीची म्हैस मेली तेव्हा त्याने खरं ते सांगून टाकलं, एक सुई दिली होती म्हणून. मुरमाड जमीन, ऐन उन्हाळा. निवृत्तीने हातापाया पडून सांगितलं, “चिमाजीभाऊ, एकच सुई व्हती, ती बी अर्धी.” चिमाजी म्हणाला, “विष ते विष. अर्धं काय नि पुरं काय.” आणि खड्डा कमरेइतका खोल होईपर्यंत तिथून हलला नाही. गावाने नावं ठेवली, पण मनातून बरंही वाटलं. कारण दर थंडीला कड्यावर दोन-चार घरटी वाढत होती.

यंदा माघात चिमाजीचा पाखऱ्या आजारी पडला. पांढऱ्याशुभ्र अंगाचा बैल, म्हातारा झाला होता, पण चिमाजीने त्याला कधी विकायचं नाव काढलं नव्हतं. पुढचे पाय सुजले, उठता येईना. रात्रभर कण्हायचा. चिमाजीने गुळवेल दिला, शेक दिला, देवाला नारळ बोलला. पोरगा जीवन पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला. तो सुट्टीवर आला तो पिशवीत बाटली आणि सुई घेऊनच. म्हणाला, “आबा, तिकडं सगळे हेच देत्यात. उभा राहील बघा.” चिमाजीने बाटली हातात घेऊन उलटसुलट केली. ती बंदीतली आहे हे त्याला कळलं नाही असं नाही. पण पाखऱ्या त्याच्याकडे बघत होता, आणि माणसाचं मन आपल्या दावणीपाशी येऊन मऊ पडतं. सुई जीवननेच मारली. संध्याकाळी बैलाचं कण्हणं थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैलही गेला.

बैल पुरला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. चिमाजीची बायको छाया पहिल्यांदा हेच म्हणाली. “सकाळीच खड्डा घ्या. जीवन हाय मदतीला.”

पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नाशिकहून पाहुणे येणार होते. वनखात्याचे मोठे साहेब, पक्षी बघणारी शहरातली मंडळी, दोन-तीन वर्तमानपत्रवाले. महिनाभरात पाड्यावर ढोर मेलं नव्हतं आणि ताट रिकामं पडलं होतं. वनरक्षक संध्या मॅडम भली बाई, पाड्याशी घरच्यासारखी वागायची. ती काळजीत होती. तिला चिमाजीने शब्द दिला होता, “मॅडम, गिधाडं खाली उतरलेली दाखवीन.” त्या दिवशी चिमाजीला शाल देणार होते, हेही त्याच्या कानावर आलेलं होतं. आता शालीसाठी त्याने हे केलं असं म्हणणं बरोबर नाही. पण शाल नसती तर त्याने केलं नसतं, हेही तितकंच खरं.

“एकच तर सुई,” तो छायाला म्हणाला. “ती बी शेवटाला. अंगात भिनली सुदिक नसंल.”

छायाने चुलीत लाकूड सारलं. निवृत्तीची म्हैस तिलाही आठवत होती.

ताटाच्या फाटकापाशी माणसं जमली. शिंगावर हात ठेवायला सांगणारा दरवेळी चिमाजी असायचा. आज त्यालाच कोण सांगणार? माणसं एकमेकांकडे बघत राहिली. निवृत्ती हसून म्हणाला, “देवाला कुणी देव दाखवत नाय. आणा आत बैल.” तिथेच चिमाजीला सुटता आलं असतं. पण त्याला वाटलं, हात न ठेवता गेलो तर कुणाच्या तरी मनात येईल. त्याने पाखऱ्याच्या शिंगावर हात ठेवला, निवृत्तीच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, “बिनऔषधाचं गेलं.” इतकं सोपं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी गिधाडं उतरली. भली थोरली, उघड्या मानांची, पंख अर्धे उघडून एकमेकांना ढकलत पाखऱ्यावर तुटून पडली. पाहुण्यांना दुर्बिणी पुरेनात. साहेबांनी भाषणात सांगितलं की सरकारचे कायदे कागदावर असतात, इथे एका माणसाच्या शब्दावर जंगल उभं आहे. शाल चिमाजीच्या खांद्यावर आली. ती त्याने घरी आल्यावर खुंटीला टांगली नाही, पेटीत तळाशी ठेवली. 

दोन दिवसांनी गोजराबाईची गाय मेली. गोजराबाई म्हणजे पाड्यावरची म्हातारी विधवा, मूल ना बाळ, ती एक गाय, तिची कालवड आणि दोन शेळ्या एवढाच तिचा संसार. तिनेही शिंगावर हात ठेवला, बिनऔषधाचं म्हणाली, आणि गाय ताटात गेली.

आणि आठवडा सरायच्या आत कड्याखाली पहिलं गिधाड सापडलं. दुसरं करवंदीच्या जाळीत अडकलेलं. तिसरं अजून जिवंत होतं, कातळाच्या कडेला मान छातीवर टाकून बसलेलं, डुलकी लागल्यासारखं. संध्या मॅडम त्याच्याजवळ जाऊन बसली. ते उडालं नाही, सरकलंही नाही. वर कपारीत त्याचं पिल्लू होतं. “याचा जोडीदार पण गेला असेल तर पिल्लू उपाशी मरेल, काका,” ती चिमाजीला म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली. चिमाजीला तिच्या शेजारी उभं राहवेना.  तो लघवीचं निमित्त करून करवंदीच्या जाळीमागे गेला आणि तिथे त्याला ओकारी आली.

समितीची बैठक मारुतीच्या पारावर भरली. सगळा पाडा होता. जीवनही होता, सुट्टी वाढवून थांबलेला. संध्या मॅडमने सरळ सांगितलं, मेलेल्या गिधाडांची तपासणी होईल, पण औषधाने मेलीत यात तिला शंका नाही. पंधरा दिवसांत ताटात दोनच ढोरं पडली होती, चिमाजीचा बैल आणि गोजराबाईची गाय. बैलाचं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही. सगळ्या माना गोजराबाईकडे वळल्या.

म्हातारी उभी राहिली. “औषध नाय दिलं,” ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला. “बाजारातल्या वैदूकडून एक पुडी आणली व्हती. पाल्याची म्हणाला. ती कण्यांत कालवून घातली व्हती. मला वाटलं, पुडी म्हंजे काय औषध नाय. सुई म्हंजे औषध.” तिने दोन्ही हात जोडले. “माझ्याच हातून झालं म्हणायचं. मला कळलं नाय रे बाबांनो. मला गवत बंद करा. कालवड इकून टाकीन मी.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आणि संन्यासी स्वतःहून दोर गळ्यात घालून घेत होता. याच म्हातारीने चिमाजीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्याची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालायला ही होती. निवृत्ती म्हणाला, “नियम तो नियम. मला खड्डा खणायला लावला व्हता.” त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळे अध्यक्षाकडे बघायला लागले, त्याने निकाल द्यावा म्हणून.

चिमाजी उठला. नेहमीचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

“गोजरामावशीचा काय दोष नाय,” तो म्हणाला. “पाखऱ्याला सुई दिली व्हती. मला म्हाईत व्हतं. मी खोटं बोललो.”

 निवृत्तीच हसला, पण चांगलं हसला. “चिमाजीभाऊ, राहू द्या. म्हातारीला वाचवायला पाहता हे कळतंय आम्हाला.”

“वाचवत नाय. जीवनला इचारा. सुई त्यानंच आणली.”

आता सगळे जीवनकडे वळले. जीवनचं तोंड उतरलं. बंदीचं औषध आणलं म्हणून केस होईल, नोकरी जाईल, आणि बापाचं नाव मातीत जाईल, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. चिमाजीने मान हलवून त्याला सांगितलं, बोल. पोराने बापाकडे बघितलं नाही. त्याने निवृत्तीच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “मी कशाला आणू सुई? आबाला मावशीची कीव आली, दुसरं काय.”

 ते डोळे, तो आवाज, चिमाजीने फाटकापाशी वापरला होता तोच. पोरगा शिकला होता, आणि बापाकडूनच शिकला होता. चिमाजीने बायकांच्या घोळक्यात छायाकडे बघितलं. छाया पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पोरगं की नवरा, हे तिचं ठरून गेलेलं होतं. तिने मान वर केली नाही.

“अरे, माझं ऐका,” चिमाजी म्हणाला. कुणी ऐकलं नाही. माणसं आपसात बोलायला लागली होती. असा माणूस मिळायचा नाही, दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला छाती लागते, हे आणि असलंच. संध्या मॅडमसुद्धा त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होती. निवृत्ती मोठ्याने म्हणाला, “अध्यक्ष एवढं म्हणतात तर म्हातारीला माफी देऊ. चिमाजीभाऊच्या शब्दाखातर. गवत चालू राहू दे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मिटलं.

जीवन जवळ येऊन हळूच म्हणाला, “आता गप बसा आबा. झालं.”

गोजराबाई गर्दीतून वाट काढत आली. चिमाजीला वाटलं, हिला तरी कळलं असेल. ती त्याच्यासमोर थांबली, गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने खाली वाकली आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं. त्याच्या आईच्या वयाची बाई. त्याने तिला दंडाला धरून उठवायला बघितलं, पण तिने पाय सोडले नाहीत.

“मावशी, ऊठ. तुझ्या पाया पडतो मी, ऊठ,” तो म्हणाला. “मी खरंच सांगतोय. बैल माझाच व्हता. माझ्यामुळंच मेली ती गिधाडं.”

म्हातारीने डोळे पुसत वर बघितलं.

“कळलं रे बाबा,” ती म्हणाली. “माझ्यासाठी एवढं खोटं सख्ख्या भावानं बी बोललं नसतं.”