भाकरीआधी सलाम

मित्रांनो, आधी चपला बाहेर काढा, मग आत या. मी सतरंजी आहे. जुनी, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, अनसिंगजवळच्या एका खेड्यातल्या टिनाच्या चर्चमध्ये अंथरलेली. माझ्यावर बसायला कुणालाच बंदी नाही, पण चिखलाचे पाय मला खपत नाहीत. काय करणार, स्वभावाला औषध नसतं!

माझा जन्म कारंज्याचा. ग्यानबा विणकराने मला आपल्या मागावर विणलं. सूत ठोकून ठोकून तो असं घट्ट बसवायचा, की माझी वीण कित्येक वर्षं कुठे ढिली पडली नाही. मग मी मांगीलालशेठच्या दुकानात आले. तिथे एक दिवस पाळक जानराव आले. पाळक म्हणजे चर्चमधली उपासना चालवणारे.

"इतकी मोठी कायले पाहिजे?" शेठजींनी विचारलं.

"मानसं जवळजवळ बसवाची हायेत."

"मंग लहान घ्या ना साहेब! मोठीवर तं लोकं दूरदूर बसतीन."

तरी जानरावांनी मलाच घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणलं. शेठजींचं बोलणं मला पुढे फार वेळा आठवलं.

निळ्या बाजूला पुरुष बसायचे, तांबड्या बाजूला बाया. माझ्यावर लग्नं लागली, गाणी झाली, तान्ह्या बाळांनी मला ओलंही केलं. त्यांना मी कधी रागावले नाही. आल्यागेल्याने 'काय सुरेख सतरंजी आहे' म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचे.

आमच्या चर्चची एक रीत आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. येशूने शेवटच्या जेवणात आपल्या शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची ती आठवण. शहरात त्यासाठी काय आणतात, मला ठाऊक नाही. आमच्याकडे ज्वारीची भाकर असते आणि ती गोमतीबाईच थापून आणते. पण भाकरीआधी सलाम! आमची माणसं एकमेकांना भेटली की सलाम म्हणतात. सलाम म्हणजे शांती. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याजवळ उठून जायचं, त्याचा हात हातात घ्यायचा आणि सलाम म्हणायचं. भावाशी बिनसलं असेल तर देवाला दान देण्याआधी त्याच्याकडे जा, ही येशूची शिकवण. एकाचाही सलाम राहिला, तर त्या दिवशी भाकर मोडायची नाही. शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची भांडणं, कोंबड्यांची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, सगळी माझ्यावरच मिटली.

मध्यंतरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. नव्याचे नऊ दिवस! उंदरांनी माझा एक काठ खाल्ला, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही. फार वाईट वाटलं. पुढे जानरावांच्याच लक्षात आलं की खुर्चीवर बसलेला माणूस सलामाला उठायचा कंटाळा करतो, नुसती लांबून मान हलवतो. त्यांनी मला पुन्हा अंथरलं.

मग लढाईचे दिवस आले. गोमतीबाईचा एकुलता एक मुलगा उत्कर्ष फौजेत आहे. तो सीमेवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. गोमतीबाई उपासनेला आली, तरी तिचं सगळं चित्त कमरेला खोचलेल्या मोबाइलकडे. भाकर मात्र तिने आणली होती, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून.

जानरावांनी प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या उत्कर्षाला सांभाळ. आणि पलीकडच्या आयांच्या लेकरांनाही सांभाळ. वैऱ्यावरही प्रेम करा, असं तूच सांगितलंस."

गोमतीबाई ताडकन उठली. "पाळकसायेब, माह्या पोराच्या नावासंगं त्याईचं नाव कायले घेता? ते माह्या पोरावर बंदूक रोखून राह्यले!"

"गोमता, त्याईलेबी माय हाये."

"मंग त्याईच्या मायनं करावी प्रार्थना!"

खरं सांगू? मला तेव्हा तिचंच पटलं. मांडी बदलत, चुळबुळ करत बसलेली सगळी माणसं मला जाणवत होती. त्यांनाही तिचंच पटलं असावं. निळ्या बाजूचा देवला तर दिवसभर मोबाइलवर लढाईच पाहायचा. तो ओरडला, "बरोबर हाये! एकाले सोडू नका! पुरं बेचिराख करा!"

गोमतीबाई त्याच्याकडे वळली. "तू चूप बस, देवला. तुह्या घरचं कोन गेलं तिथं लढाले?"

आणि सलाम न करताच ती निघून गेली. जानरावांनी फडक्यातली भाकर तशीच झाकून ठेवली. "आज भाकर मोडाची नाई," ते म्हणाले. एका बाईपायी सगळ्यांचं प्रभुभोजन राहिलं, म्हणून कुरकूर झाली. पाळकांची बायको हेमला तेवढी म्हणाली, "मायचं पोट हाये ते. आगीवानी जयून राह्यलं." त्या आठवड्यात जानराव रोज गोमतीबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. ती पाणी द्यायची, पण बोलायची नाही.

एका दुपारी चर्चमध्ये कुणी नव्हतं. गोमतीबाई आली आणि माझ्या काठावर गुडघे टेकून बसली.

"देवा, माह्या उत्कर्षावर कोनी गोळी झाडली, तं चुकू दे."

तिची बोटं माझा एक धागा ओढत राहिली. मग अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आलं एवढ्याच आवाजात, ती म्हणाली,

"आन उत्कर्षानं झाडली, तं तेबी चुकू दे. पलीकडच्याची मायबी माह्यावानीच फोनपाशी बसली असन."

आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिचे अश्रू माझ्या सुतात मुरले. पाळकांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशातून मला जे कळलं नव्हतं, ते त्या दुपारी कळलं.

पुढच्या रविवारी ती राहिलेल्या प्रभुभोजनासाठी ताजी भाकर घेऊन आली. फोन अजून लागला नव्हता. तांबडी बाजू ओलांडून ती निळ्या बाजूला गेली आणि जानरावांचा हात तिने हातात घेतला.

"सलाम, पाळकसायेब. घ्या त्याईचंबी नाव."

"सलाम, गोमता," जानराव म्हणाले.

मग ती देवलापुढे उभी राहिली. "सलाम, देवला. तो मोबाइल ठेव खाली, दोन्ही हात दे." देवलाने मुकाट्याने मोबाइल माझ्यावर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. त्या दिवशी भाकर मोडली गेली.

काही दिवसांनी लढाई थांबली. नाताळात उत्कर्ष सुट्टीवर आला. उपासना संपून सगळे बाहेर गेले, तरी तो आईजवळ बसून राहिला. एवढा दांडगा गडी, पण त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"माय, एक सांगू? माह्या हातून कोनी मेलं नाई."

गोमतीबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. "मले मालूम हाये, बापू."

"तुले कसं मालूम?"

तिची बोटं माझ्या त्याच धाग्याकडे गेली. तिचं त्या दुपारचं मागणं मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदाच तुम्हाला सांगते आहे.

मित्रांनो, मी आता विरत चालले. माझी काळजी करू नका, सतरंजी दुसरी मिळते. पण आपल्या माणसासाठी देवाजवळ हात जोडाल, तेव्हा समोरच्याच्या घरीही कुणीतरी असेच हात जोडून बसलंय, एवढं लक्षात ठेवा. आणि त्या दोन हातांसाठीही मागा.