मोठेबा बाहेर उभे राहिले तेव्हा

नीळकंठ सर मुंबईहून ट्रेनिंग घेऊन आमच्या चिखलीच्या शाळेत नवे रुजू झाले, तेव्हा हेडसरांनी त्यांना नकाशांच्या खोलीत टेबल मांडून दिलं. दारावर पाटी लागली: 'करिअर मास्तर'. अकरावीच्या मुलामुलींनी एकेकट्यानं जाऊन मनातलं सांगायचं. आतलं बोलणं बाहेर जाणार नाही, हा सरांचा नियम. मी पहिल्याच दिवशी घुसले, तासभर बडबडले आणि बाहेर आले ती जवळजवळ वकील होऊनच!

मग माझ्या मैत्रिणीला, शारदेला, आत ढकललं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"वासंते, नागपूरले नर्सचं शिकवतात म्हने! राहाची सोय बी हाये. फक्त बाबाचा होकार पायजे."

पण त्यांच्या घरात होकार जानरावांचा चाले. ते तिचे मोठेबा, वडिलांचे थोरले भाऊ. किसनकाका, म्हणजे तिचे बाबा, त्यांच्यासमोर बाजेवरसुद्धा बसत नाहीत. मी हे सरांना दोनदा सांगितलं.

सर हसले. "वडिलांना एकट्याला मोकळं बोलू द्यायचं, हेच तर मला शिकवलंय."

सरांनी किसनकाकांना बोलावणं धाडलं, आणि बाजाराच्या दिवशी दोघं भाऊ आले. मोठेबा पुढं, किसनकाका मागं. मोठेबा आत पाय टाकणार, तेवढ्यात सरांनी हात जोडले.

"आपण जरा बाहेर थांबता? मला वडिलांशी खासगी बोलायचंय."

"खासगी? आमच्याच पोरीचं?"

"नियम आहे, साहेब."

दार लागलं. मी धावत जाऊन वर्गातलं स्टूल आणलं. "बसा ना मोठेबा! सर नवे हायेत, त्याईले आपल्या इकडचं समजत नाई."

"तू कोनाची वं?"

"विमलबाई मास्तरणीची."

"तवाच तोंड चालते."

ते बसले नाहीत. फाटकातून त्यांच्या गावचे शेषराव ओरडले, "काऊन बे जानराव, मास्तरनं अंगठे धराले लावले का?" बाजाराला निघालेली माणसं खो खो हसली. मोठेबांनी मान वळवली नाही. शारदा खांबाला धरून उभी होती.

आतून आधी नुसतं 'हो जी, हो जी' ऐकू आलं. मग किसनकाकांचा आवाज, मी कधीच न ऐकलेला: "शिकू द्या जी तिले. मले बी लय वाटते."

मी शारदेचा हात दाबला.

दार उघडून सर आनंदानं बाहेर आले. "अभिनंदन! वडील तयार आहेत."

स्वतःचाच नियम त्यांनी मोडला, तोही मोठेबांच्या तोंडावर.

"कोन तयार हाये?" मोठेबांनी हळू विचारलं. "किसन?"

किसनकाका जमिनीकडं बघत राहिले. "म्या काई म्हनलं नाई, दादा."

"शारदे, दप्तर घे."

सर मागं धावले, बरंच बोलले. कोणी वळूनही पाहिलं नाही.

पंधरवड्यात तिची सोयरीक झाली. मी एसटीनं तिच्या गावी गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली,

"वासंते, बाबा आतमंदी खरंच हो म्हनले होते?"

"हाव. मी माह्या कानानं ऐकलं."

सूप थांबलं.

"नाई म्हनले असते त बरं झालं असतं वं. सोसलं असतं."

आतून मोठेबांनी हाक मारली. ती उठून गेली.