बावीस खुणा

चिंगीनं फिल्म पाण्यातून काढली, लाल दिव्यासमोर धरली आणि तिच्या तोंडून एक शिवी निसटली. प्रथिन दाखवणारी पट्टी उमटली नव्हती. सलग चौथ्यांदा. ज्या प्रथिनाच्या शोधावर प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमचं नाव झालं होतं, त्याच्या जागी फिल्म कोरी करकरीत होती. रोपंसुद्धा बुटकी राहायची सोडून शेजारच्या साध्या रोपांच्या बरोबरीनं वाढत सुटली होती.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. रोपातलं एक जनुक बिघडवलं की हे प्रथिन साचत जातं आणि वाढीला ब्रेक लागतो. लेख छापून आला, कौतुक झालं आणि दोन महिन्यांत मॅडम गेल्या. मग इतर कुणालाच तसं काही दिसेना. मासिकाचं पत्र आलं: प्रयोग पुन्हा करून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. जेवणाच्या टेबलावर लोक आता राजरोस बोलायला लागले होते की बाईंनी बनवाबनवी केली असणार. बाई उत्तर द्यायला नव्हत्या, हे बोलणाऱ्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

चिंगी हे नाव मॅडमनीच पाडलेलं. साडेचार फुटांच्या पोरीला दुसरं काय म्हणायचं, असं त्या सगळ्यांदेखत विचारायच्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले तरी रोपांच्या खोलीत शिरताना चिंगी दारावर टकटक करायची. आत पांढरा उजेड आणि पंख्यांची घरघर. पाणी घालताना वाटायचं, कुणीतरी पाठीमागे उभं आहे. तिला भीती वाटायची. जिवंतपणी मॅडमची भीती कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी मॅडमचे यजमान आले. प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत. बायकोचा चष्मा, स्वेटर, जुन्या डायऱ्या, असं कपाटातलं सामान न्यायचं राहिलं होतं.

“घरी सगळं ठीक ना, काका?”

“ठीक कसलं गं. मी आहे आणि ती खिडकीतली कुंडी आहे. सात वर्षं ते रोप वीतभर होतं. ही गेली आणि लागलं की वाढायला! पार खिडकीच्या गजांच्या वर गेलंय. मेल्याला लाज म्हणून नाही.”

चिंगीला हसू आलं, आणि तिथंच विरलं.

“मॅडम काय करायच्या त्याला?”

“काय करणार? सकाळी उठली की थोपटायची, लहान मूल असल्यासारखी. मी म्हणायचो, अगं, त्याला उठवतेस की झोपवतेस? इथंही करत असेलच की.”

करायच्या. रोज सकाळी, आपल्या रॅकवरच्या प्रत्येक रोपाला. सतत हात लागत राहिला की रोपं बुटकी राहतात, हे चिंगी स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवायची! एवढं डोळ्यांसमोरचं तिला सुचलं नव्हतं.

काका गेल्यावर तिनं जुनी वही काढली. प्रयोगाला दोन रॅक होते, एक मॅडमचा, एक तिचा. कुठला ट्रे कशाचा, हे फक्त तळाच्या आकड्यावरून कळायचं. त्या वयात रोपं सारखीच दिसतात, उंचीचा फरक नंतरचा. पहिल्या पानावर मॅडमच्या अक्षरात सूचना होती: रोज संध्याकाळी चिंगीनं दोन्ही रॅकवरचे ट्रे एकमेकांत मिसळून लावायचे, म्हणजे हात आणि उजेड सगळ्यांना सारखा मिळेल. खाली बावीस संध्याकाळींच्या बावीस खुणा, सगळ्या एकाच बैठकीत केलेल्या. चिंगीनं एकही ट्रे हलवला नव्हता. साठ ट्रे रोज कोण उचलणार, फरक तो काय पडणार, असं तेव्हा वाटलं होतं. बिघडवलेली रोपं पहिल्या दिवशी मॅडमच्या रॅकवर लागली आणि साधी तिच्या; बिघडवलेली शेवटपर्यंत मॅडमच्याच हाताखाली राहिली. तिनं वही मिटून खालच्या खणात सगळ्याच्या तळाशी सरकवली.

मुदत वाढवून घेऊन तिनं प्रयोग नव्यानं लावला. दोन्ही प्रकारची रोपं, अर्धी रोज थोपटायची, अर्ध्यांना बोटही लावायचं नाही. पहिल्या सकाळी हात पुढे केला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. तो हात तिला तिचा वाटेना.

तेविसाव्या दिवशी फिल्मवर पट्ट्या उमटल्या. थोपटलेल्या सगळ्या रोपांत, साधी असोत की बिघडवलेली. न थोपटलेल्यांत एकही नाही. जनुकाचा काडीचाही संबंध नव्हता.

लेख मागे घेण्याच्या पत्रावर मॅडमच्या वतीनं सही हवी होती, म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. ‘एका लेखिकेला रोपांना हात लावण्याची सवय असल्यामुळे निष्कर्ष चुकला,’ असं तिनं लिहिलं होतं.

“म्हणजे खोटेपणा नव्हता केला तिनं.”

“नाही काका. पट्टी खरी होती.”

त्यांचे डोळे भरून आले. मग हळूहळू चेहरा उतरला.

“पण तिच्याच हातानं गेलं म्हणायचं सगळं. एवढी शिकलेली बाई, हात आवरता येऊ नये? मी घरी थट्टा करत बसलो. तेव्हाच दरडावायला हवं होतं.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आता फक्त सही व्हायची होती. मॅडमना कुणी लबाड म्हणणार नव्हतं. फार तर वेंधळी म्हणाले असते. चिंगीनं पेनाखालचा कागद ओढून घेतला.

“थांबा. सही करू नका.”

खणाच्या तळातली वही काढून तिनं त्यांच्यापुढे उघडली.

“मॅडमनी काळजी घेतली होती, काका. ट्रे रोज मिसळायचे, असं मला लिहून दिलं होतं. ते केलं असतं तर त्यांच्या हातानं काही बिघडलं नसतं. मी केलं नाही. नुसत्या खुणा केल्या.”

काकांनी खुणांवरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत.

“या सगळ्या?”

“सगळ्या.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“तेव्हा रोज लवकर यायची घरी,” ते म्हणाले. “मी विचारायचो, आज संध्याकाळचं काम नाही का? तर म्हणायची, चिंगी आहे ना. त्या पोरीचं मला बघायला लागत नाही.”