रिकाम्या मात्रा

नारायणची आणि माझी मैत्री पोस्टकार्डांवर टिकून होती. मी बारामतीत गणिताचा मास्तर, तो इंदापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. तरुणपणी पुण्याला एकाच गुरूकडे तबला शिकलो. पुढं पोटामागे दोन गावांना गेलो आणि आमचं वाजवणं कार्डावर आलं. तो एक तिहाई लिहून पाठवी. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. मी ती वाजवून बघे आणि उलट माझी पाठवी. बायको गेल्यापासून बारा वर्षं त्या कार्डांखेरीज माझ्याकडे कुणी येत नव्हतं. पोस्टमन माझं दार ओलांडून पुढं गेला की मला त्याचा राग येई.

छप्पनच्या उन्हाळ्यापासून नारायणचं अक्षर बिघडलं. आकडे लंगडे, ओळी तिरक्या. आळस, दुसरं काय! तिहायाही तशाच, जिथंतिथं थांबणाऱ्या. एका कार्डावर होतं: पाच बोल, एक मात्रा गप्प, पाच बोल, एक मात्रा गप्प, पाच बोल. बेरीज सतरा, म्हणजे तीनतालाच्या सोळा आणि पुढची सम. गणित चोख होतं. मी वाजवली, समेवर आलोही, पण हाताला काही गोडी लागली नाही. मला चेष्टेची खुमखुमी आली. लगेच लिहिलं, "नाऱ्या, मध्येच थांबतोस काय? हाताला लकवा भरलाय का?"

उत्तर आलं नाही. पहिले दोन आठवडे मी रुसून बसलो. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमनला उगाच दोनदा विचारलं. महिना उलटला तशी मनात पाल चुकचुकली आणि रविवारी मी एसटी पकडली. सणसरला गाडी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली, तेव्हा बिचाऱ्या ड्रायव्हरवर खेकसलो.

दार उघडलं ते त्याचा स्वयंपाक करणाऱ्या प्रयागबाईंनी.

"तुमीच का ते कार्डवालं मास्तर?" त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "सायबांचा उजवा हात गेलाय. आठ म्हैनं झालं. डाव्या हातानं लिवत्यात. एका कार्डाला दोन दिस लागत्यात. तुमचं ते शेवटलं आलं, तवापासनं कायबी लिवलं न्हाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

नारायण खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "रडू नकोस. आधी बस."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं तर तू प्रकृतीची चौकशी करणारी कार्डं धाडली असतीस. तिहाई धाडली नसतीस." मग त्यानं कोपऱ्यातल्या तबल्याकडे मान हलवली. "काढ तो. ती सतराची वाजव."

मी तबला जुळवला. तो डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर मात्रा मोजू लागला. मी तिहाई घेतली आणि शेवटचा ठोका ऐटीत दिला. त्याचा हात अजून वरच होता. मी ठोका दिल्यावर एका मात्रेनं तो खाली आला.

पुन्हा घेतली. पुन्हा मी एक मात्रा आधी.

"तुझी लय ढिली पडलीय," मी चिडून म्हणालो.

"नाही रे मोहन. गप्प मात्रेवर तू पुरता थांबतच नाहीस. दोन्ही अर्ध्या अर्ध्या खातोस."

दोन अर्धे म्हणजे एक. हे मी रोज पोरांना शिकवतो. बारा वर्षं खोलीत एकटा वाजवत होतो, आणि माझ्यासाठी ताल धरणारं कुणी नव्हतं. हात पडेल तिला मी सम म्हणत आलो. एकट्याची सम कधी चुकत नाही. आणि मी चूक काढली ती याची! लाज वाटली, आणि त्याहून जास्त पोरकं वाटलं. मी दोन्ही हात तबल्यावरून काढून घेतले.

नारायणनं डावा हात पुन्हा दांड्यावर ठेवला.

"पुन्हा घे," तो म्हणाला. "आणि थांब तिथं. मी मोजतोय."